किती मागू, दादा? सावरत्या बाजारात नाशकात नोकरी शोधणाऱ्यांसाठी

जून २०२० मध्ये माझी नोकरी गेली. अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, क्वालिटी इन्स्पेक्शनला नऊ वर्षं, हातात २८ हजार. पत्र नाही, मेल नाही. सुपरवायझरचा फोन आला, "सध्या येऊ नको, बोलावतो." ते बोलावणं काही आलं नाही. पुढची नोकरी लागली ती जानेवारी २०२१ मध्ये, नाशकाजवळच्या गोंद्याला, साडेएकवीस हजारांवर. मधल्या सात महिन्यांतले चार तरी मी स्वतःच्या हट्टापायी घालवले. सप्टेंबरमध्ये अंबडलाच, घरापासून दहा मिनिटांवर, २२ हजार देत होते. "अठ्ठावीसच्या खाली येणार नाही," असं सांगून मी उठून आलो होतो.

२०२१ ची दिवाळी झाली. एमआयडीसीत गेटांवर पुन्हा 'पाहिजेत'चे बोर्ड लागले आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी गाठून विचारू लागली, "किती मागू, दादा?" त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते इथे एकदाच लिहून काढतोय. आयटीआय, डिप्लोमा किंवा बी.कॉम. करून पहिल्यांदा कंपनीत लागू पाहणाऱ्यांसाठी आणि ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी. आयटीतल्या मोठ्या पॅकेजवाल्यांना याचा फार उपयोग नाही.

१. आधी गेटवर जाऊन कंपनीची तब्येत बघा

नाशकाचं दुखणं टाळेबंदीच्या आधीचं होतं. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री पडली तेव्हाच इथे ब्लॉक क्लोजर (मागणी नाही म्हणून काही दिवस कारखाना बंद) सुरू झाले होते. मग २०२० आलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत उद्योगांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला, तेव्हा लोखंड कापणारे-जोडणारे फॅब्रिकेशनवाले हात बांधून बसले. ते सुटलं तर गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा. गाडीला गिऱ्हाईक होतं, पण चिप नाही म्हणून लाईन थांबायची, आणि तिकडे लाईन थांबली की इकडे सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरचं शेड्यूल कापलं जायचं.

अशा दिवसांत ऑर्डर आली तरी मालक माणूस घ्यायला कचरतो. तो पायरीपायरीने जातो. आधी आहेत त्याच माणसांना ओव्हरटाइम, मग ठेकेदाराची माणसं, मग ट्रेनी, आणि सगळ्यात शेवटी रोलवरची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पटावरची, भरती. तुम्ही जाताय ती कंपनी यातल्या कुठल्या पायरीवर उभी आहे हे कळलं, की पगार किती ताणता येईल तेही कळतं.

हे एच.आर. सांगणार नाही. गेटसमोरच्या टपरीवाल्याला सगळं ठाऊक असतं. शिफ्ट सुटताना तिथे अर्धा तास उभे राहा, चहा घ्या आणि तीन गोष्टी विचारा. थर्ड शिफ्ट सुरू झाली का? सुट्टीच्या दिवशी बोलावतात का? ठेकेदाराने गेल्या महिन्यात किती पोरं आणली? थर्ड शिफ्ट चालू आहे, सुट्टीलाही बोलावतात, तरी माल पुरत नाही असं कळलं तर खुशाल रोलवरच्या जागेचं विचारा. एकच शिफ्ट चालते आणि बोर्ड मात्र बारा महिने लटकलेला असेल, तर तिथे माणूस टिकत नाही असं समजा.

२. फाईल एकदाच तयार करा

एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये हे सगळं, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्ससह:

- दोन पानांच्या आतला बायोडाटा
- दहावीपासूनची मार्कशीटं, आयटीआयचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा
- अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- आधार, पॅन, पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक
- पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी एकच राहणारा) आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा नंबर (आधी नोकरी केली असेल तर)
- २०२१ मध्ये कोविड लसीच्या दोन्ही डोसचं प्रमाणपत्रही लागायचं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय सिक्युरिटी आत सोडत नसे
- पासपोर्ट साईझचे सहा फोटो

इथे दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं, पॅनवर तिसरं असतं. मुलाखतीत याने काही अडत नाही, अडतं ते पीएफ काढताना. आधारवरचं नाव आत्ताच दुरुस्त करून घ्या.

दुसरा खड्डा माझ्यासारख्या नोकरी गेलेल्यांचा. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते, आणि तिच्याशिवाय पीएफ काढायला आणि ट्रान्सफर करायला अडचण येते. मी त्यासाठी जुन्या कंपनीच्या गेटवर चार चकरा मारल्या. नंतर कळलं की शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख यूएएनच्या पोर्टलवर आपली आपल्यालाच टाकता येते. जानेवारी २०२० पासून ही सोय आहे.

३. घर किती दिवस चालेल ते आधी मोजा

हातात पैसा नसला की माणूस पहिल्या ऑफरला हो म्हणतो, म्हणून हे पगाराच्या आधी. तुमचा ईएसआयसी कापला जात होता आणि नोकरी गेली, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांची मिळायची. किमान दोन वर्षं विमाधारक असायला लागायचं, ही सोय आयुष्यात एकदाच मिळायची, आणि नोकरी जाऊन ३० दिवस झाल्यावर अर्ज करता यायचा. अर्ज ऑनलाइन होता. ओळखीच्या दहाजणांना विचारलं तर नऊजणांनी हिचं नावही ऐकलेलं नव्हतं. मीही ऐकलेलं नव्हतं.

पीएफमधून २०२१ मध्ये बेकारीचा एक महिना झाल्यावर ७५ टक्के काढता यायचे. काढता येतात म्हणून सगळे काढू नका, एवढंच.

४. तीन आकडे कागदावर लिहा

पहिला, घर भागण्याचा. भाडं किंवा हप्ता, किराणा, गॅस, पोरांची फी, आईची गोळ्या-औषधं. माझा हा आकडा १९ हजार निघाला होता. मी तो लिहिला डिसेंबरमध्ये. सप्टेंबरमध्ये लिहिला असता तर ते २२ हजार सोडले नसते.

दुसरा, बाजाराचा. इथे सगळे फसतात. एखाद्या मोठ्या कंपनीत वेतनकरार झाला की पेपरात गुलाल उधळलेले फोटो येतात, कामगारांना एवढ्या हजारांची वाढ. ती वाढ वीस-वीस वर्षं परमनंट असलेल्यांची, युनियनने भांडून आणलेली. त्याच कंपनीच्या त्याच लाईनवर उभ्या असलेल्या कॉन्ट्रॅक्टच्या पोराला त्यातलं काही मिळत नाही. आणि मामा-काका सांगतात तो पगारही त्या करारातलाच असतो. बाजाराचा आकडा हवा तर तुमच्याच कामावर गेल्या सहा महिन्यांत लागलेल्या तिघांना विचारा. आधी त्यांना तुमचा पगार सांगा, मग ते त्यांचा सांगतात. तिघांमधला मधला आकडा धरा.

आणि तुमची जुनी स्लिप? तो जुन्या कंपनीचा नऊ वर्षांचा हिशोब होता. इंक्रिमेंट साचत साचत मी अठ्ठावीसला पोचलो होतो. नव्या कंपनीला ती नऊ वर्षं विकत घ्यायची नव्हती. तिला हवा होता मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं उपकरण) धरता येणारा, ड्रॉइंग वाचता येणारा, रिजेक्शनचा रिपोर्ट लिहिणारा माणूस, आणि तो तेव्हा बावीसला मिळत होता. हे पटायला मला वेळ लागला. आजही पूर्ण पटलंय असं नाही.

तिसरा आकडा तोंडाने सांगायचा. तो बाजारापेक्षा दहा-बारा टक्के वर ठेवा. त्याहून वर नेलात तर समोरचा तुम्हाला माहिती नाही असं धरतो आणि बोलणं तिथेच संपतं.

५. पॅकेज फोडून बघा

माझ्या मावसभावाला सिन्नरहून ऑफर आली, "तीन लाखांचं पॅकेज". मावशीने पेढे आणले. रात्री आम्ही दोघं पत्रामागचा तक्ता घेऊन बसलो. महिन्याचे २५ हजार असे पडत होते:

- बेसिक १२,०००, घरभाडं ५,०००, इतर भत्ते ३,०००: मिळून २०,०००
- कंपनीचा पीएफचा वाटा, बेसिकच्या १२ टक्के: १,४४०
- कंपनीचा ईएसआयसीचा वाटा, ३.२५ टक्के: ६५०
- ग्रॅच्युइटी: ५७७
- बोनस: १,०००
- कॅन्टीन: ८००
- प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह, टार्गेट झालं तर: ५३३

हातात येतात ते फक्त पहिल्या ओळीतले वीस हजार. त्यातूनही त्याचा स्वतःचा पीएफ १,४४०, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १५० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जातो. उरले १८,२१०. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं टिकलात तरच मिळते, आणि ती मात्र आजच पॅकेजमध्ये धरलेली.

पुढे जाण्याचा हिशोब. कंपनीची बस नाही. एसटीचा संप चालू होता. सिडकोतून सिन्नर एमआयडीसी जवळपास ३० किलोमीटर, जाऊन-येऊन ६०. बाईक लिटरला ५० देते, पेट्रोल तेव्हा ११० च्या आसपास. दिवसाचे १३२, सव्वीस दिवसांचे ३,४३२. हातात राहिले १४,७७८. त्याच आठवड्यात अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपने त्याला साडेसोळा हजार हातात सांगितले होते, सायकलवर जाण्यासारखं अंतर. त्याला तो अपमान वाटला होता.

मी त्याला अंबडला जा म्हटलं नाही. सिन्नरची कंपनी मोठी आहे, व्हीएमसी मशीनवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) हात बसेल, पीएफ रीतसर जमा होईल. हे वर्कशॉपमध्ये मिळालं नसतं. पण सतरा-अठराशेचा फरक कशासाठी सोडतोय ते त्याला माहीत असायला हवं होतं. तो सिन्नरला गेला, दोन मित्रांबरोबर एकाच बाईकवर आळीपाळीने जाऊन-येऊन करतो. तिघं एका बाईकवर बसतात हे मावशीला सांगितलेलं नाही.

एक बारकी गोष्ट पंधरा हजारांची. २०२१ मध्ये आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत नव्या भरतीतल्या, पंधरा हजारांच्या आत पगार असलेल्या माणसाचा पीएफ दोन वर्षं सरकार भरायचं. हजारपर्यंत कामगार असलेल्या कंपनीत दोन्ही वाटे, कामगाराचा आणि कंपनीचाही. म्हणून तेव्हा १४,९०० च्या ऑफर ढिगाने दिसायच्या. वाईट नव्हतं, हातात पूर्ण पैसे यायचे. पण दोन वर्षांनी कपात सुरू झाली की हातातला पगार खाली येणार होता; अशी सवलत पुन्हा कुठे असली तर नंतर "पगार कापला" म्हणून भांडायला जाऊ नका. आधीच विचारा, कपात सुरू झाल्यावर वाढ देणार का.

६. कुणाच्या रोलवर लागताय?

पत्रावर वरती नाव कुणाचं आहे ते वाचा. गेटवरचं नाव आणि पत्रावरचं नाव वेगळं असेल तर तुम्ही ठेकेदाराचे. यात लाजण्यासारखं काही नाही; सावरत्या बाजारात आत शिरायचं दार बहुतेकदा तेच असतं. फक्त त्याला विचारा: पगाराची स्लिप मिळते का, पीएफ कुठल्या कंपनीच्या कोडवर जातो, ओव्हरटाइम सिंगल देता की डबल (कायद्यात दुप्पट आहे), आणि ब्रेक किती महिन्यांनी देता. २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, ते भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी घरी बसवतात, हे सातपूरपासून दिंडोरीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही विचारलंत तर तोही लपवत नाही.

२०२१ मध्ये नीम या सरकारी योजनेत ट्रेनी म्हणून घ्यायचे, तिथे पगार नसायचा, स्टायपेंड असायचं. पीएफ नसायचा. ट्रेनी म्हणून शिकायला चांगल्या मशीनवर ठेवणार असतील तर वर्षभर करा. पॅकिंगला उभं करणार असतील तर करू नका. अप्रेंटिसशिपचं वेगळं आहे. आयटीआयवाल्यांनी ती टाळू नये, कारण तिचं प्रमाणपत्र पुढे सरकारी आणि मोठ्या कारखान्यांच्या भरतीत कामाला येतं.

७. शोधायचं कुठे

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा. जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे त्यातूनच कळतात. सातपूरच्या आयटीआयच्या नोटीस बोर्डाकडे जुन्या विद्यार्थ्यांनीही अधूनमधून बघावं. रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती अजून मेलेल्या नाहीत.

पण मला आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांना नोकरी मिळाली ती माणसातून. जुन्या कंपनीतून दुसरीकडे गेलेला स्टोअरकीपर, ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर, टूल विकायला येणारा सेल्समन. हा सेल्समन दिवसाला पाच कंपन्यांत जातो, कुठे नवीन मशीन उतरलं ते त्याला आधी कळतं, आणि मशीन उतरलं की ऑपरेटर लागतोच. माझ्या गोंद्याच्या जागेची खबर अशाच एकाने दिली.

गेटवर बायोडाटा द्यायला जायचं तर सकाळी साडेदहा-अकराला जा. शिफ्ट बदलताना सिक्युरिटीवाला कुणाला उभं करत नाही, आणि महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत डिस्पॅचची घाई असते, एच.आर. भेटत नाही.

८. मुलाखतीत हातात काहीतरी देतात

क्वालिटीच्या मुलाखतीला ऑक्टोबरमध्ये सातपूरला गेलो होतो. साहेबांनी एक पिन आणि मायक्रोमीटर पुढे सरकवलं, "माप सांगा." नऊ वर्षांचा अनुभव, मी ऐटीत पिन धरली, रॅचेट फिरवला, तीन दशांशांपर्यंत माप सांगितलं. ते म्हणाले, "झिरो बघितला का?" म्हणजे काही न धरता बंद केल्यावर ते शून्य दाखवतं का. नव्हता बघितला. मायक्रोमीटर मुद्दाम बिघडवून ठेवलेलं होतं. चार महिने हातात इन्स्ट्रुमेंट नव्हतं आणि सवय सुटली होती. घरी बसला असाल तर मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आठवड्यातून एक दिवस तरी हात चालवा. ऑपरेटर असाल तर ऑफसेट, फिटर असाल तर टॉलरन्स, अकाउंट्सला असाल तर टॅलीत एक जीएसटीची एंट्री. विचारतात ते एवढंच, पण करून दाखवायला सांगतात.

मधल्या काळात काय केलं हा प्रश्न येतोच. मी त्या हंगामात मामाच्या पिकअपवर पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवत होतो. आधी दोन मुलाखतींत ते लपवलं, "घरचं काम होतं" म्हणालो. गोंद्याला खरं सांगितलं. साहेबांनी क्रेटला काय भाव मिळत होता ते विचारलं आणि पुढची पाच मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

९. पगाराचं बोलणं

"एक्स्पेक्टेशन काय तुमचं?" असं विचारलं की लगेच आकडा टाकू नका. म्हणा, "सर, या पोस्टला तुमच्याकडे बसणारी रेंज काय आहे?" बरेचदा सांगतात. नाही सांगितलं तर तुमचा तिसरा आकडा सांगा, आणि तो हातात येणारा आहे हे तिथेच स्पष्ट करा.

कमी पडत असेल तर माझं गोंद्याला झालं ते असं. मॅडम म्हणाल्या, "साडेएकवीसच्या वर बसत नाही, बजेटच नाही." मी म्हटलं, "मॅडम, बजेट नाही हे मान्य. सहा महिन्यांनी काम बघून वाढवाल का, आणि तेवढी ओळ पत्रात घालाल का?" त्यांनी फोन केला, परत आल्या, ओळ घातली: सहा महिन्यांनंतर वेतनाचा आढावा. जुलैमध्ये ते पत्र घेऊन गेलो, ऑगस्टपासून २४ हजार झाले. पत्र नसतं तर दुसऱ्या लाटेचं कारण तयारच होतं.

पैसे वाढत नसतील तर बाकी काय वाढतं ते विचारा: बसचा थांबा पाथर्डी फाट्यापर्यंत येतो का, कन्फर्मेशन सहाऐवजी तीन महिन्यांनी, नोटीस पिरियड दोनऐवजी एक महिना. या शेवटच्याकडे मुलांचं लक्षच नसतं. बाजार सावरत असला की वर्षभरात चांगली जागा निघू शकते, आणि तेव्हा दोन महिने थांबायला कुणी तयार नसतं.

१०. हे दिसलं की उठा

नोकरीआधी पैसे मागणं: फॉर्मचे, गणवेशाचे, डिपॉझिटचे, कशाचेही. एका प्लेसमेंटवाल्याने माझ्याकडून २,५०० घेतले आणि ज्या कंपनीत पाठवलं तिथे जागाच नव्हती. ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगणं. कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही. मोठ्या कंपनीचं नाव आणि खाली फुकटातल्या मेलचा पत्ता. मुलाखत न घेताच आलेलं ऑफर लेटर.

११. लागल्यावर दोन महिन्यांनी

पीएफचा हप्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून पहिला पगार झाल्यावर पुढची पंधरा-वीस तारीख गेली की सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. स्लिपवर कापलाय आणि पासबुकात नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी विचारा. मावसभावाच्या पासबुकात दुसऱ्या महिन्याची एंट्रीच नव्हती. विचारायला गेला तर अकाउंट्सवाले म्हणाले, आधारचं लिंकिंग राहिलंय. नावाचं स्पेलिंग जुळत नव्हतं. तो आता आधार केंद्राची वेळ घेऊन ठेवतोय, शनिवारची.